दार ते दार किती तास?

तिकिटाच्या दुकानात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. माणूस निघताना एक प्रश्न विचारून जातो आणि परत आला की त्याच खुर्चीवर बसून भलतंच काहीतरी सांगतो. मधल्या वेळात तो विमानात बसलेला असतो, एवढंच.

बीदरजवळच्या भालकीच्या बस स्टँडसमोर आमचं दहा बाय बाराचं दुकान आहे. विमानाची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाच्या झेरॉक्स. दुकान माझ्या मोठ्या भावाचं. नाव शिवकुमार, पण सगळा तालुका त्याला अण्णाच म्हणायचा. त्याच्यापेक्षा वयानं मोठे लोकसुद्धा.

अण्णाला जाऊन तीन महिने झाले. हुमनाबाद रोडवर उसाची ट्रॉली, मागं लाईट नाही, आणि ह्याची मोटारसायकल. ह्याच्यापुढं मला लिहायचं नाही.

महिना झाल्यावर अप्पा, म्हणजे आमचे वडील, मला म्हणाले, "संग्या, दुकान मोबाईलवाल्याला देऊन टाकू. तू आठवी नापास. तुला ह्यातलं काय कळायलंय?"

मी हट्टाला पेटलो. भांडलो, ताट सारून उठलो. शेवटी अप्पांनी बसव जयंतीपर्यंत मुदत दिली. तोवर दुकान जमलं तर जमलं, नाहीतर किल्ली त्यांच्या हातात. मला त्या खुर्चीशिवाय अण्णाचं दुसरं काहीच नको होतं. आणि खुर्चीवर बसून मला येत काय होतं? त्याचे किस्से. तेवढे तोंडपाठ होते.

* * *

मेहकरचा माणिक दुबईला निघाला तेव्हाची गोष्ट. त्यानं मोबाईलवर बघून ठेवलेलं: हैदराबाद ते दुबई अडीच हजार किलोमीटर, चार तास. सकाळी सातला घरातून निघताना आईला सांगून गेला, चार तासांत फोन करतो.

अकरा वाजले, फोन नाही. म्हातारी उंबऱ्यावर मोबाईल धरून बसलेली. साडेअकराला तिनं रडायला सुरुवात केली. बाराला सुनेनं फोन लावून दिला, तर माणिक म्हणाला की तो अजून हैदराबादच्या अलीकडं, पटानचेरूला ट्रॅफिकमध्ये आहे.

म्हातारीनं फोन ठेवला आणि थेट आमच्या दुकानात लावला.

"शिवकुमारा, इमान पटानचेरूला कामून थांबलंय रे?"

त्या दिवसापासून अण्णानं एक पद्धत पाडली. प्रत्येक तिकिटाच्या मागं निळ्या पेनानं मोठा आकडा लिहून द्यायचा: दार ते दार किती तास. मेहकर ते दुबई, सतरा. त्यात मेहकरची जीप, भालकीची बस, हैदराबादचं ट्रॅफिक, विमानतळावरची तीन तासांची बैठक, तिकडची रांग, कंपनीची गाडी, सगळं धरलेलं. लोक म्हणायचे, मोबाईल तर चारच सांगतोय.

अण्णा म्हणायचा, "ते चार कुणीबी सांगंल. उरलेले तेरा सांगायला मी बसलोय."

* * *

आमची मावशी काशीबाई कडगंचीची. मुलगा लंडनला. मावशीच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते अंगावेगळं करायचं नाही हा आम्हा लिंगायतांचा नियम, आणि चांदी दिसली की ओरडायचं हा विमानतळावरच्या मशीनचा नियम.

अण्णानं मावशीला दुकानात उभं करून तालीम घेतली. हातात लाकडी पट्टी घेऊन तिच्याभोवती फिरवली आणि तोंडानं 'टूंऽऽ' केलं. टूं झालं की मावशीनं डबी पदराबाहेर काढायची, दोरा गळ्यातच ठेवायचा, तळहातावर उघडून दाखवायची आणि हसायचं. चार वेळा तालीम झाली. बाहेर बसची वाट बघणारे लोक आत डोकावून गेले.

प्रत्यक्षात मावशीनं त्यात पदरचं घातलं. तपासणीला एक तरुण पोरगी होती, ओडिशाकडची. मावशीनं डबी उघडून दाखवली. पोरीनं बघायला हात पुढं केला, तशी मावशीनं डबी मागं घेतली. "बघ माय, पण अगोदर हात धुऊन ये."

भाषा कळली नाही, पण हात धुवायची खूण सगळीकडं सारखीच.  पोरगी खरंच गेली, हात धुऊन आली, डबी नुसती डोळ्यांनी बघितली, नमस्कार केला आणि मावशीला पुढं सोडलं. मागं ही रांग खोळंबलेली!

लंडनहून मावशीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णाला हसून हसून ठसका लागला. मग वही काढली आणि गंभीरपणे लिहून ठेवलं: 'लिंग अंगावर असल्यास दहा मिनिटं जास्त धरावीत.'

* * *

समोरचे ख्वाजाभाई टेलर रमजानमध्ये मक्केला, उमऱ्याला निघाले. प्रवासात रोजा नाही ठेवला तरी चालतो, पण ख्वाजाभाई ऐकणाऱ्यातले नव्हेत. अण्णानं तिकिटामागं तास लिहिले आणि खाली एक ओळ वाढवली: 'रोजा अडीच तास लांबणार.' ख्वाजाभाईंना वाटलं, हा थट्टा करतोय.

विमान दुपारी दोनचं, हैदराबाद ते जेद्दा, सहा तास. सूर्य जिकडं चाललेला, विमानही तिकडंच चाललेलं. ख्वाजाभाईंच्या मनगटावर भालकीची वेळ. साडेसहा झाले तसा त्यांनी खिशातून खजूर काढला आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन. सात झाले, ऊन. साडेसात झाले, ऊन. आठला विमान उतरलं तरी सूर्य काही उतरेना. खजूर मुठीत घामानं चिकट झाला. शेवटी घड्याळात नऊ वाजून गेल्यावर तिकडं मगरिबची, म्हणजे दिवस मावळल्याची, अजान झाली.

त्यांनी तिथूनच फोन केला. "शिवकुमार, तू सच बोला रे. अल्लाह मियाँ ओवरटाइम कराए."

अण्णा म्हणाला, "वापस आते वक्त छुट्टी भी जल्दी देंगे."

आणि तसंच झालं. येताना दिवस अडीच तासांनी आखूड निघाला. भालकीत उतरल्यावर ख्वाजाभाई घरी जायच्या आधी दुकानात आले, नाराज चेहऱ्यानं. "भूक लगने के पहलेइच इफ्तार हो गया रे!"

* * *

भूगोलाचे एक गुरुजी होते. त्यांची लेक दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. सोळा तासांचं उड्डाण. लेकीनं विमानातला नकाशा मोबाईलवर पाठवला, त्यात विमान रशियाच्याही डोक्यावर चढलेलं. गुरुजी तो फोटो घेऊन तणतणत दुकानात. नकाशावर सरळ रेघ मारून बघ, तू माझ्या लेकीला गावभर फिरवून नेणाऱ्या विमानात बसवलंस, आम्हाला काय अडाणी समजतोस काय?

अण्णानं त्यांना पाणी दिलं. मग समोरच्या गाड्यावरून एक टरबूज आणलं, पेनानं एक ठिपका दिल्लीचा काढला, एक सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि गुरुजींच्या हातात दोरा दिला. म्हणाला, ताणून धरा, कमीत कमी दोरा लागला पाहिजे. गुरुजींनी आधी आडवा धरून बघितला, दोरा पुरेना. सरकवत सरकवत वर नेला, तसा तो देठाजवळून गेला आणि फुकटचा बोटभर उरला.

"गुरुजी, चूक तुमची न्हाई. नकाशा सपाट हाय, टरबूज न्हाई."

गुरुजींनी दोरा परत आडवा लावून बघितला, परत वर नेला. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. मग त्यांनीच सुरी मागितली आणि दोघांनी ते टरबूज खाल्लं.

पुढच्या आठवड्यात गुरुजी सातवीच्या वर्गात टरबूज घेऊन गेले. धडा उत्तम झाला, फक्त मधली सुट्टी लवकर लागली. गुरुजी हेडमास्तरांशी बोलून परत येईपर्यंत पोरांनी उत्तर ध्रुवासकट अमेरिका खाऊन टाकली होती!

* * *

लोक अण्णाला विचारायचे, तू स्वतः कितीदा बसलास विमानात? तो खरं सांगून टाकायचा, एकदाही नाही. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

एकानं तर तिकीट परत केलं. म्हणाला, ज्यानं विमान आतून बघितलं न्हाई त्याच्याकडून मी तिकीट घेणार न्हाई. बीदरला जाऊन दुसऱ्याकडून काढून आला. त्यानं सांगितलेल्या वेळेवर घरातून निघाला आणि विमान चुकलं. तिथूनच अण्णाला फोन. अण्णा एक शब्द टोचून बोलला नाही. दुसऱ्या विमानात बसवलं, आणि तिकीट हातात नसल्यामुळे तास मेसेज करून पाठवले. खाली लिहिलं: 'ह्या वेळेस तुम्ही आधीच विमानतळावर आहात, त्यामुळं सहा तास वजा.'

* * *

आता एक सांगतो तो किस्सा नाही. पण ते सांगितल्याशिवाय शेवटचा सांगता येत नाही.

अण्णा गेला तेव्हा मी मस्कतला होतो, एसीच्या डक्टच्या कामावर. फोन आला तसा अंगावरच्या कपड्यांनी विमानतळावर पळालो. तोवरची माझी सगळी तिकिटं अण्णानं काढलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं तिकीट काढायचं होतं, आणि ज्याला विचारायचं तोच गेलेला. तरी सवयीनं मी त्याच्याच नंबरवर दोनदा फोन लावला.

हैदराबादचं विमान चार तासांनी होतं. मुंबईचं समोर लागलेलं. मी कुणाला न विचारता मुंबईच्या विमानात चढलो. चार तास नुसतं बसून राहायचं, हे मला सहनच झालं नसतं. मुंबईत उतरलो तर पुढं कुठल्याच विमानात जागा नाही. गाडी केली. तेरा तास रस्ता. भालकीत पोचलो तेव्हा अण्णाला मातीत बसवून तीन तास झाले होते. आमच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत, मांडी घालून बसवतात. कसा बसला होता ते मी बघितलं नाही.

नंतर एकदा त्याच्याच खुर्चीवर बसून, त्याच्याच वहीत, त्याच्याच पद्धतीनं मी दार ते दार हिशोब मांडला. हैदराबादच्या विमानासाठी थांबलो असतो, तर मातीच्या दीड तास आधी पोचलो असतो.

* * *

बसव जयंतीला चार दिवस उरले होते. सकाळी सहाला निर्ण्याहून अप्पांना फोन आला: सिद्रामप्पा गेले. सिद्रामप्पा म्हणजे अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. अप्पांना मोटारसायकलवर बसवून मी निर्ण्याला नेलं.  आम्ही त्या दिवसांत एकमेकांशी बोलतच नव्हतो.

सिद्रामप्पांना बैठकीत बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. शेतात खड्डा घ्यायला माणसं गेली होती. सगळे विधी करणारे जंगम म्हणजे चन्नय्या अय्या, वय ऐंशीच्या घरातलं, आवाज खणखणीत. त्यांनी सांगून टाकलं की दिवस मावळायच्या आत माती व्हायला पाहिजे, उद्यावर न्यायचं नाही.

सिद्रामप्पांना एकच लेक, महादेवी अक्का. दोहाला नर्स. ती विमानतळावर पोचली होती आणि चुलत्याशी फोनवर रडत बोलत होती. समोर मुंबईचं विमान लागलंय, आपल्या आठ वाजता सुटतंय, एक सीट आहे, चढते. चुलते म्हणाले, चढ बाई, चढ लवकर.

मी त्यांच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"अक्का, चढू नकोस. मी संगमेश, भालकीच्या तिकिटाच्या दुकानातला. हैदराबादचं विमान आपल्या दहाला हाय. त्याच्यात तुला बसवतो."

"अरे, दोन तास मी इथं बसून काय करू?"

"रड. पन बसून राहा. आणि सामान काउंटरला टाकू नकोस, हातातली पिशवीच आण."

बैठकीतला गोंधळ तुम्ही डोळ्यांपुढं आणा. मी कोपऱ्यात उभा राहून अण्णाच्या लॉगिनवरून तिकीट काढत होतो, आणि वर सगळे माझ्यावर ओरडत होते. अय्या तर काठी आपटत उठले.

"लेकीला बापाचं तोंड बघायचंय, आणि तू तिला तिकडं बसवून ठेवायलास?"

तिकीट निघालं. पुढच्या दाराजवळची सीट मिळाली. मग मी सगळ्यांसमोर मोठ्यानं हिशोब सांगितला. मुंबईला उतरली की पुढं तेरा तास रस्ता, ती उद्याच उगवणार. हैदराबादचं विमान दहाला सुटतं. चार तास. दोनला उतरली. अर्धा तास रांग. विमानतळाच्या दाराशी जहीराबादची गाडी उभी करतो. तीन तास रस्ता. साडेपाचला ह्या उंबऱ्यावर. सूर्य पावणेसातला मावळतो. वर अजून एक सांगितलं, की इकडं येताना वारं विमानाच्या मागून असतं, त्यामुळं ते लवकरही येतं, पण ते मी धरलेलं नाही.

"आभाळात कसलं वारं रे?" अय्या म्हणाले. दोघं-तिघं अशा घरातसुद्धा हसले.

माझं डोकं फिरलं. अप्पा भिंतीला टेकून खाली बघत बसले होते. त्यांच्याकडं बोट करून मी म्हणालो, "साडेपाचला अक्का ह्या दारात आली न्हाई, तर उद्या दुकानाची किल्ली अप्पाच्या हातात देतो. बसव जयंतीपर्यंतबी थांबत न्हाई."

अय्या काठी टेकून परत खाली बसले.

तो दिवस कसा गेला ते मला विचारू नका. बाया आत भजनासारखी वचनं म्हणत होत्या. मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभा. विमान सुटल्याचं मोबाईलवर दिसलं. नंतर उतरल्याचं दिसलं. मग ड्रायव्हरचा मेसेज आला, एकच शब्द: 'बसल्या.' मी तो कुणालाच दाखवला नाही. दाखवला असता तर वाटेत टायर फुटला असता, असं मला पक्कं वाटत होतं.

साडेचारला अय्या बैठकीतून उठले. पोरानं साडेपाच सांगितलंय, म्हणाले, येते का न्हाई देव जाणे, तोवर अंघोळ उरकून घेतो. आणि विहिरीवर गेले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी गाडी वळणावर दिसली. अक्का उतरली ती अनवाणीच, चप्पल गाडीतच राहिली होती. कुणाकडं न बघता आत गेली, बापासमोर बसली, त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. वचनं थांबली.  मी दारातून सगळं बघितलं. सिद्रामप्पा कसे बसले होते, तेही नीट बघून घेतलं.

तेवढ्यात मागून चन्नय्या अय्या आले. अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी गळतंय, विभूती लावायची राहिलेली. त्यांनी आत अक्काला बघितलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि माझ्यावरच डाफरले.

"तू साडेपाच म्हणाला होतास की! चाळीस मिनिटं आधी कशी आली ही?"

मी तोंड उघडणार, तोच भिंतीपाशी बसलेले अप्पा उठून उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"वारं मागून होतं, अय्या."